अनुभव धागा: धर्मगुरूंवर आरोप झाले, तेव्हा तुमच्या श्रद्धेचं काय झालं?

मी मूळची वसईची, लग्न होऊन मडगावला आले. घरात मराठी, इगर्जीत (चर्चमध्ये) कोकणी. बिशपांवरच्या, फादरांवरच्या आरोपांची बातमी आली की व्हॉट्सॲपवर दोनच सूर लागतात: ‘चर्चविरुद्ध कट आहे’ नाहीतर ‘सगळे मेले सारखेच’. मी दोन्हींत बसत नाही. तुम्ही काय सोडलंत, काय धरून ठेवलंत ते लिहा. व्यक्तीचं, गावाचं नाव नको. जिच्यावर बेतलं ती ओळखू येईल असं तर काहीच नको.

माझ्यापासून सुरुवात करते. २०१८ मध्ये जालंधरचे बिशप फ्रँको मुळक्कल यांच्याविरुद्ध एका ननने बलात्काराची तक्रार केली आणि तिच्या सोबतिणी कोचीत रस्त्यावर धरणं धरून बसल्या. ते फोटो बघून मला आमची मावशी आठवली. तीही नन. मदर सुपीरियरला विचारल्याशिवाय तिने घरी फोनसुद्धा केला नाही कधी. अशी बाई पोलिसात जाते म्हणजे आधी किती दारं वाजवून झाली असतील! २०२२ च्या जानेवारीत कोट्टायमच्या न्यायालयाने बिशपांना निर्दोष सोडलं, २०२३ मध्ये त्यांनी पद सोडलं. निकाल निकालाच्या जागी. पण तो लागायच्या कितीतरी आधी, मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) सुटल्यावर पायऱ्यांवर उभं राहून आमच्याच बायकांनी त्या ननला खोटी ठरवून टाकलं होतं. मी मिस्सा सोडली नाही. फादरांकडे बेसांव (आशीर्वाद) मागायला वाकणं मात्र बंद केलं. घरी सायबीण (मारियामातेची मूर्ती) येते, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) होतो, आणि त्याला कुठल्या बिशपचा शिक्का लागत नाही.

निवृत्त शिक्षक, बार्देश
ताई, जुना वाद आहे हा. पाद्री पापी असेल तर त्याने दिलेला बाप्तिस्मा खरा का, यावरून उत्तर आफ्रिकेत चौथ्या-पाचव्या शतकात चर्च फुटलं होतं. संत ऑगस्टिनचं उत्तर असं की बाप्तिस्मा ख्रिस्ताला दगा देणाऱ्या यहुदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. मला याचा मोठा आधार आहे. माझं लग्न, मुलांचे बाप्तिस्मे ज्यांच्या हातून झाले त्यांच्या चारित्र्यावर ते टांगलेले नाहीत. पण हाच आधार काही जण पांघरूण म्हणून वापरतात, ‘माणूस चुकतो, संस्कार पवित्र’ म्हणत. संस्कार पवित्र म्हणूनच माणसाला तिथून हलवायला हवं ना?

सासष्टीतून
हलवतात की! आमच्या गावात तक्रार झाली आणि विगारांची (गावच्या चर्चच्या मुख्य फादरांची) बदली झाली. दुसऱ्या गावी. निरोपाला केक कापला, भाषणं झाली, फाब्रिकाच्या (चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीच्या) माणसांनी आभार मानले. तक्रार करणाऱ्या घराशी मात्र फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) दिवशीही कोणी धड बोलेना. शहरातल्यांना वाटतं, नाही पटत तर दुसऱ्या चर्चला जा. बाबांनो, गावात बाप्तिस्म्याचा दाखला इगर्जीत, लग्नाची चिटी इगर्जीत, आई-बाप सिमितेरीत (दफनभूमीत). विगाराशी वाकडं घेतलं तर उद्या माझं मयत कुठे नेणार, हा प्रश्न माझ्या बायकोने खरोखर विचारला. मी जातो, मागच्या बाकावर बसतो. फाब्रिकाच्या बैठकीत तक्रारीचं काय झालं ते दर वेळी विचारतो. उत्तर मिळत नाही, चहा मिळतो.

फोंडा
मी हिंदू आहे, तरी लिहितो. आमच्या घरात आसारामांचा फोटो होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये जोधपूरच्या न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली तरी आई वर्षभर तो काढू देईना. एके दिवशी स्वतःच काढला, बोलली काही नाही. देवपूजा तशीच चालू आहे. तेव्हा आमच्यातले जे या बातम्या चवीने पुढे पाठवतात त्यांनी जरा दमानं घ्यावं.

पणजी, वय २६
मी सोडलं. नाताळच्या नेवऱ्या खाते, मिस्सेला जात नाही. ‘श्रद्धा टिकवली’ हेच उत्तर अपेक्षित असेल तर माफ करा.

(धागाकर्ती: अजिबात नाही. लिहिलंस हे बरं केलंस.)

एका फादरांची बहीण
माझा भाऊ दोत्रिनीच्या (धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या) मुलांच्या डोक्यावर हात ठेवायलाही आता कचरतो. बसमध्ये झगा घालून बसला की कोणीतरी टोमणा मारतंच. मला फार लागतं ते. तो म्हणतो, लोकांना संशय घेऊ दे. मुलांशी एकट्याने बोलायची वेळ आली तर तो खोलीचं दार उघडं ठेवतो.

वकील, म्हापसा
भावनेचं वर आलंच आहे, कायद्याचं थोडक्यात. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं आहे. ‘आधी बिशप हाउसला विचारू’ ही सवलत त्यात नाही. न कळवणं हाही गुन्हा. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये केलेल्या नियमांनुसार धर्मगुरू आणि नन यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांनाही कळवणं बंधनकारक आहे, पण ते पोलिसांऐवजी नव्हे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा नंबर पाठ असू द्या.

मडगाव
वरचं वाचून लिहितोय. मुलगा आळतारावर (चर्चच्या वेदीवर फादरांच्या मदतीला) सेवेला लागलाय. पाठवायचं ठरलं, पण अट घातली: मुलं झगे घालतात त्या खोलीत कोणीतरी पालक असेल. नव्या विगारांनी तासाभरात होय म्हटलं, नोटीस बोर्डावर पाळी लावली. पहिल्या महिन्यात चौघांनी नावं दिली, त्यात बाई एकही नाही. मडगावच्या ताई, तुम्ही येता का?