चार सुती नळ, पण आटे २१ एमएम??

हौशी_प्लंबर:
बाथरूमचा नळ बदलतोय. दुकानदार म्हणाला चार सुती घ्या, म्हणजे अर्धा इंची ना? घरी येऊन आट्यांची बाहेरून जाडी मोजली तर चक्क २१ एमएम भरली, अर्धा इंच तर १२.७ होतो. वर म्हणतो थ्रेड लावून बसवा नाहीतर गळेल. अहो थ्रेड नळाला आहेतच की! बायको शिवणाच्या डब्यातलं रीळ घेऊन उभी आहे, काय सांगू?

सळईवाला:
रीळ परत ठेवायला सांगा 😄 सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे चार सूत अर्धा इंच हे बरोबरच आहे. फक्त सळई बाहेरून मोजतात, १० एमएमची ती तीन सूत, १२ ची चार सूत, आणि ८ ची अडीच (हे सगळं अंदाजपंचे हं, कोणी कॅलिपर लावत नाही). पाइपाचं नाव मात्र आतल्या भोकावरून पडलंय, म्हणून अर्ध्या इंची पाइपाचे आटे बाहेरून २१ च्या आसपास येतात. तुमचा नळ बरोबर आहे.

गळकी_टाकी:
थ्रेड लावा म्हणजे टेफ्लॉन टेप हो. पूर्वी दोरा नि सफेदा लावायचे, तेच बोलणं राहिलंय. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून सातआठ वेढे द्या, उलटे दिले तर नळ फिरवताना टेप गोळा होऊन बाहेर येते. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचे तुकडे पाण्यात जातात. आणि भिंतीत प्लॅस्टिकचा एल्बो (काटकोनी जोड) असेल तर पान्यावर लोंबकळू नका, तडकला की टाइल फोडावी लागते.

आयटी_हमाल:
मी प्रोसेसरचे थ्रेड समजून आत आलो. आलोच आहे तर सांगतो, टेबल फॅनच्या पात्यांपुढची टोपी आणि सायकलचं डावं पेडल यांना उलटे आटे असतात, तिथे जोर लावून मोडू नका.

हौशी_प्लंबर:
नळ काढताना जुनी निपल (दोन्हीकडे आटे असलेला जोडणीचा छोटा पाइप) आतच तुटली 😭

गळकी_टाकी:
हॅक्सॉचं नुसतं पातं आत घालून निपलला दोन खाचा पाडा, भोवतीच्या एल्बोच्या आट्यांना लागू देऊ नका, मग छिन्नीने दोन खाचांमधला तुकडा आत दाबा, सैल होऊन फिरून येतो. वरचा कॉक आधी बंद केलाय ना??