गोल्फच्या ड्रायव्हरला आतून सरकतं वजन हवंच कशाला?

कुपवाडचा पॅटर्नवाला
भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून ड्रायव्हरचं, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात लांब फटक्याच्या काठीचं, डोकं करतोय. आत नळी, नळीत वजन, पान्यानं फिरवलं की ते सरकणार. मी गोल्फ खेळत नाही, पण तीस वर्षं कास्टिंगच्या पॅटर्नवर, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यांवर, गेलीत आणि मला हे पटलेलं नाही. डोकं साधारण 200 ग्रॅमचं, आकाराला 460 घनसेंटीमीटरची मर्यादा. एवढा मोठा पोकळ डबा एवढ्याशा टायटॅनियममध्ये ओतायचा म्हणजे भिंती पापडासारख्या. त्यातून वाचलेले चार ग्रॅम हीच डिझायनरची कमाई. ती नळी, आटे आणि झाकणात का उधळायची? टंगस्टनसारख्या जड धातूचा तुकडा मागं तळाशी कायमचा बसवा. चेंडू कडेला लागला तरी डोकं कमी फिरतं. फिरायला होणाऱ्या या विरोधाला, म्हणजे जडत्वाला, गोल्फच्या नियमानंच 5900 ग्रॅम-चौरस सेंटीमीटरची वरची मर्यादा घातलीय, म्हणजे ते किती कामाचं असेल बघा. बाकी सगळं नाचता येईना अंगण वाकडं.

कृष्णाकाठ
काका, अंगण खरंच वाकडं असेल तर? पुण्यात नोकरीला असताना येरवड्याच्या कोर्सवर शिकलो, आता सांगलीत आल्यावर महिन्यातून एकदा जातो. माझा चेंडू कायम उजवीकडं पळतो. वजन दांड्याच्या बाजूला घेतलं की डोकं लवकर वळतं आणि चेंडू आवरतो. हिशेब तुमच्याच भाषेत: 200 ग्रॅमच्या डोक्यात 10 ग्रॅम 8 सेंटीमीटर सरकवले, तर गुरुत्वमध्य 4 मिलिमीटर हलतो.

कुपवाडचा पॅटर्नवाला
4 मिलिमीटर! आणि तुमचा फटका बसतो कुठं? ड्रायव्हरच्या तोंडावर टाल्कम पावडर मारा आणि दहा फटक्यांचे डाग मोजा.

कृष्णाकाठ
मोजलेत. दोन सेंटीमीटरचा पसारा आहे, कबूल. वजनानं माझा फटका सुधारत नाही, हेही कबूल. पण चेंडू जिथं जिथं पडतात तो सगळा पसारा डावीकडं सरकतो. दहातले सहा झाडीत जायचे, आता तीन जातात.

माणदेशी
इथं प्यायच्या पाण्याला टँकर आणि तुमची हिरवळीवर चर्चा. चालू द्या.

टूलरूमवाली
दोघांचंही थोडं चुकतंय. काका, सरकतं वजन नवं नाही. 2004 मध्ये टेलरमेड कंपनीच्या आर-सेव्हन ड्रायव्हरला वजनाचे चार स्क्रू होते, ते अदलाबदल करायचे. 2014 च्या कॅलवे बिग बर्था अल्फात तर डोक्यातून उभी नळी होती: एक टोक जड, एक हलकं, उलटी घातली की गुरुत्वमध्य वर किंवा खाली. खाली गेला की चेंडूची गिरकी कमी. खरी डोकेदुखी आट्यांची. टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की आटे एकमेकांना धरून बसतात, मग पाना मोडेल पण स्क्रू हलणार नाही. भाच्याला वेगळ्या धातूचा स्क्रू आणि वंगण घ्यायला सांगा. आणि आत काही सैल राहिलं तर प्रत्येक फटक्याला खुळखुळा वाजेल.

मिरजेचा मणी
आमच्याकडं तंबोऱ्याला मणी असतात. तार लावली तरी शेवटचा सूर मणी सरकवूनच जुळतो, भर मैफिलीतसुद्धा. त्याला कुणी निमित्त म्हणत नाही.

कुपवाडचा पॅटर्नवाला
तीच तर गंमत आहे! गोल्फमध्ये खेळ चालू असताना मणी हलवायचाच नाही. राउंडमध्ये वजन बदलून एक जरी फटका मारला तरी खेळाडू बाद. म्हणजे घरी एकदा जुळवायचं आणि तसंच ठेवायचं. मग ते विकणाऱ्यानंच फटका बघून जुळवावं आणि गोंद भरून बंद करावं. गिऱ्हाइकाच्या हातात पाना कशाला?

कृष्णाकाठ
कारण सहा महिन्यांनी माझा फटका बदलतो, काका. तुम्ही चष्म्याचा नंबर एकदाच काढला का?

कुपवाडचा पॅटर्नवाला
चष्म्याचं कबूल. पण आत्ताच भाच्याला काटा घेऊन बसवलं. नळी, आटे आणि झाकण मिळून 14 ग्रॅम. आणि सरकणारं वजन 10.

टूलरूमवाली
नळी कशाची केलीय?

कुपवाडचा पॅटर्नवाला
स्टीलची. त्याला तेच मिळालं.

कृष्णाकाठ
कार्बन फायबरची करायला सांगा की राव, मग बोलू.