अनुभव: तिरफळ, बधिर जीभ आणि छंगतूचं हॉटपॉट

आज बांगड्याचं तिखलं केलं. गावची तिरफळं जरा जास्तच पडली. लेक पहिल्याच घासाला म्हणाली, "आई, जिभेला मुंग्या येतायत!" आणि मला चीनमधलं छंगतू शहर आठवलं. गल्लीतलं साधंसं दुकान, बुटकी स्टुलं, टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर हॉटपॉट, म्हणजे आपणच शिजवून खायचं उकळत्या रश्शाचं भांडं, लालभडक तेलावर मिरच्या तरंगतायत. बाईंनी आधी आमच्या गळ्यात एप्रन बांधले. मी कमळकाकडीची चकती उकळवून तोंडात टाकली, तर तिखट लागायच्या आधी ओठच बधिर. नवरा म्हणाला, "अगं, हे तर तिरफळ!" त्यांचं ह्वाज्याव (सिचुआन मिरी) आणि आपलं तिरफळ एकाच कुळातलं. आजी तिरफळं चेचून उकळत्या आमटीत सोडायची, तो वास इतक्या लांब भेटला आणि डोळे भरून आले. तुमचेही अनुभव लिहा.

—

त्या चवीला माला म्हणतात! मा म्हणजे बधिर, ला म्हणजे तिखट. सोबत तिळाच्या तेलात लसूण घालून वाटी देतात, त्यात बुडवून खायचं, जरा सुसह्य होतं.

—

शाकाहारी मंडळींनो, नीट विचारून घ्या. लाल रश्शात बहुतेक ठिकाणी गाईची चरबी असते, तीच त्याची खरी चव मानतात. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. सासूबाई सोबत होत्या, त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत. मला अजून वाईट वाटतं. "छिंग यौ" म्हटलं की वनस्पती तेलातला रस्सा मिळतो, पण बिनतिखट पांढऱ्या रश्शातही हाडं उकळलेली असू शकतात. शेवटी छंगतूतल्या वनशू बौद्ध मठातल्या शाकाहारी उपाहारगृहात त्या पोटभर जेवल्या.

—

अरेरे ताई 😔 काकूंना नमस्कार सांगा.

—

चीनमधल्याच छोंगछिंग शहरात हॉटपॉटला नऊ खणांचं भांडं असतं. मधल्या खणात खळखळतं, तिथे पटकन शिजणारं घालायचं. कोपऱ्यांत मंद, तिथे वेळ लागणारं. मी कोल्हापूरचा, तांबड्या रश्श्यावर वाढलेला. तरी "वेई ला" म्हणजे कमी तिखट मागवलं आणि तेही पुरलं. पाणी पिऊ नका, थंडगार सोया दूध घ्या. बरं, मिरची त्यांच्याकडेही आपल्यासारखीच अमेरिका खंडातून आलेली. ह्वाज्याव मात्र तिथलंच, जुनं.

—

काड्यांना टोचलेलं देतात आणि काड्या मोजून बिल करतात, ते खाल्लंय का कुणी? छ्वानछ्वान. माझ्या मुलाने एकट्याने ६० संपवल्या, मालकीणबाईंनी कौतुकाने पाठ थोपटली.

—

सिंगापूरला मुलाकडे होते तेव्हा फूड कोर्टात माला श्यांग क्वो खाल्लं. भाज्या, टोफू, नूडल्स आपणच वाडग्यात निवडायचे, वजन करून परतून देतात. रस्सा नसतो. भातासोबत फार छान. कुकर झाला, बाकी नंतर लिहिते.

—

पुण्यात चांगली तिरफळं कुठे मिळतात? माझी दरवेळी कडू निघतात.

—

बिया काढता का? काळं बी टाकून द्यायचं, फक्त साल घ्यायची. आणि वाटायची नाहीत, नुसती चेचून शेवटी घालायची.

—

बिया काढतच नव्हते मी! आज मुगागाठीत करून बघते.

—

नक्की कर गं, आणि सांग. माझी कणीक मळायची राहिलीय, रात्री येते.