मदत हवी आहे: रास्पबेरी पाय मांडीवर चालतो, डॅशबोर्डला कसला की धूर

अंबाजोगाईकर_61
लवकर सांगा कुणीतरी. येत्या रविवारी चुलत भावाचं लग्न आहे, वरात आजोबांच्या गाडीतून निघणार. गाणी, नकाशा, मागचा कॅमेरा सगळं घरी बनवलेल्या स्टिरिओवर दिसेल असं मी गावभर सांगून बसलोय. रास्पबेरी पाय 4 (एका पाटीवरचा छोटा संगणक), सात इंची टचस्क्रीन, 12 व्होल्टचे 5 करणारा कन्व्हर्टर. टेबलावर चार दिवस चालवलं, त्रास नाही. गाडीत मांडीवर ठेवून चालवलं, तरी झकास. डॅशबोर्डच्या पत्र्याला पायचा लोखंडी डबा स्क्रूने कसला की स्क्रीन काळी आणि कन्व्हर्टरच्या काळ्या वायरमधून धूर. 5 अँपिअरचा फ्यूज टाकलाय, तो उडतच नाही! जाड वायर टाकून बघितली, तीच गत. वायरिंग बरोबर आहे, तीनदा तपासलंय.

पायवेडा
उष्णता. मे महिन्यात बंद गाडीत काय होतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. पाय 80 डिग्रीला गेला की आपोआप संथ होतो. पंखा लाव आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) लाव. माझ्या गाडीत याच दोन गोष्टींनी प्रश्न सुटला.

अंबाजोगाईकर_61
अहो, स्क्रू कसल्यावर दोन सेकंदांत धूर निघायलाय. दोन सेकंदांत कसली उष्णता? आणि मी रात्री नऊला करायलोय.

नांदेडचा भाऊ
कन्व्हर्टर कोणता? निळा छोटा एलएम2596 असेल तर फेकून दे. त्यावर तीन अँपिअर लिहिलेलं असतं, पण दोनच्या वर गेला की बोट लावता येत नाही. पाय 4 ला 5 व्होल्ट 3 अँपिअर लागतात, वर तुझी स्क्रीन. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते का? व्होल्टेज कमी पडला की ती खूण दिसते.

अंबाजोगाईकर_61
एक्सएल4015 आहे, पाच अँपिअरचा. वीज चमकत नाही. सांगितलं ना, मांडीवर नीट चालतंय.

रिंगरोड
कशाला एवढा उपद्व्याप? तयार अँड्रॉइड स्टिरिओ आण, तासाभरात बसतो. पोरं उगीच सोल्डरिंग करत बसतात.

पायवेडा
@रिंगरोड तयार आणायचा असता तर त्याने धागा काढला असता का? आणि 61 च्या गाडीच्या डॅशबोर्डला तुमचा तयार स्टिरिओ बसवायला पत्रा कापावा लागेल. कापणार का आजोबांच्या गाडीचा पत्रा?

रिंगरोड
वरातीत बँजो असतोच की. तुमचं गाणं ऐकणार कोण?

उदगीर डिझेल
मुळात गाडी कोणती, हे कुणी विचारलंच नाही. नावात 61 आहे म्हणजे ॲम्बेसेडर का?

अंबाजोगाईकर_61
हो, कागदावर 1961. ते फोटोत दिसतंय ना. (फोटो टाकायचा राहिला वाटतं.)

कटाउटवाले काका
मग एकच सांग बाळा. बॅटरीची कुठली कैची (टोकाची पकड) बॉडीला गेलीय? प्लस का मायनस?

अंबाजोगाईकर_61
प्लस बॉडीला. आजोबांच्या काळापासून तसंच आहे. ते तर माहीत असतंच ना सगळ्यांना? म्हणून मी कन्व्हर्टरची लाल वायर बॉडीला दिली आणि काळी स्विचवरून घेतली. फ्यूज लाल वायरवर.

कटाउटवाले काका
तीनदा तपासलंस म्हणालास ना! ही मॉरिस ऑक्सफर्डची जात. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत प्लस बॉडीला असायचा. तुझी जोडणी मांडीवर बरोबर आहे, डॅशबोर्डवर नाही. तो कन्व्हर्टर आतून मायनस सरळ पुढे पाठवतो. म्हणजे पायचं ग्राउंड (त्याची मायनस बाजू) आणि बॅटरीचा मायनस एकच. यूएसबीचं पत्र्याचं कवच त्या ग्राउंडला जोडलेलं, ते तुझ्या लोखंडी डब्याला टेकतं. डबा तू प्लसवर असलेल्या पत्र्याला कसलास. झालं, अख्खी बॅटरी काळ्या वायरीतून शॉर्ट. लाल वायरीतून करंट गेलाच नाही, मग फ्यूज उडेल कसा?

खोटं वाटत असेल तर डबा हातात धरून पाय चालू कर. मीटरचं एक टोक यूएसबीच्या पत्र्याला लाव, दुसरं डॅशबोर्डच्या रंग उडालेल्या जागी. काय येतंय सांग.

अंबाजोगाईकर_61
12.4 दाखवायलंय. मायला.

नांदेडचा भाऊ
बॅटरी उलटी करून मायनस बॉडीला घे ना, कायमचा प्रश्न मिटेल. आजकाल सगळे तेच करतात.

कटाउटवाले काका
@नांदेडचा भाऊ, लग्नाला दोन दिवस असताना? नुसत्या कैच्या बदलून भागत नाही. डायनामोला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) फील्डच्या टोकावर झटका देऊन नवी दिशा शिकवावी लागते, नाहीतर कटाउटचे, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळतात. ॲमीटरच्या वायरी आणि कॉइलच्या वायरी अदलाबदल करायच्या. नंतर कधी उलटी बॅटरी लावणारा शहाणा भेटला तर गाडी परत बोंबलणार.

नांदेडचा भाऊ
मी केलंय, पाच वर्षं झाली, काही झालं नाही.

कटाउटवाले काका
तुझ्या गाडीत डायनामोच्या जागी अल्टरनेटर असेल.

नांदेडचा भाऊ
...असेल.

परभणीवाला
धागा छान चाललाय. यात आकाशवाणी परभणी लागेल का? आमच्या फियाटचा जुना रेडिओ तेवढा मीडियम वेव्ह धरायचा, बातम्या ऐकत वसमतला जायचो.

पायवेडा
आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवरचा रेडिओ) पायला लावलं की एफएम लागतं. पण साधं डोंगल 24 मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही आणि मीडियम वेव्ह त्याच्या बरीच खाली. खालची लहर वर चढवणारा अपकन्व्हर्टर लागेल. आणि @अंबाजोगाईकर, तू एरियल लावलास तर त्याच्या केबलचं जाळीचं कवचही बॉडीला टेकतं. पुन्हा तोच शॉर्ट.

अंबाजोगाईकर_61
एरियल नको. आता काय करू तेवढं सांगा. आयसोलेटेड कन्व्हर्टर (आतला-बाहेरचा मायनस वेगळा ठेवणारा) लातूरला मिळेल का?

कटाउटवाले काका
शोधत बसू नको. प्लायचा तुकडा डॅशबोर्डला कस, त्यावर डबा वेगळ्या स्क्रूंनी बसव. डब्याचा स्क्रू प्लायमधून आरपार निघून पत्र्याला लागता कामा नये. आणि ॲम्प्लिफायरचा डबाही बॉडीला टेकवू नको, नाहीतर आवाज नेणारी ऑक्सची केबल तोच रस्ता धरेल. मागच्या कॅमेऱ्याचं तेच. फ्यूज काढून काळ्या वायरवर, स्विचच्या जवळ. ही गाडी उलटी, तर फ्यूजही उलटीकडे.

उदगीर डिझेल
काका, तुमचं दुकान कुठंय? आमच्या जीपचा कटाउट सहा महिने कुणाला जमेना.

अंबाजोगाईकर_61
जमलं! प्लाय लावला, नायलॉनचे वॉशर टाकले, अर्धा तास गाणी चाललीत. पाय नशिबानं जिवंत आहे, यूएसबी-सीची केबल मात्र वितळली होती, ती नवी आणली. पण सेल्फ मारला की रिस्टार्ट होतोय.

नांदेडचा भाऊ
सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो. वरातीपुरतं आधी इंजिन चालू कर, मग पाय. आणि बंद करताना आधी शटडाउन, नंतर स्विच. नाहीतर मेमरी कार्ड खराब होऊन ऐन मांडवासमोर काळी स्क्रीन.

कटाउटवाले काका
फ्यूज काळ्यावर घेतलास का? ते सांगितलंच नाहीस.

अंबाजोगाईकर_61
घेतो की. आत्ता हळदीला बोलवायलेत.

कटाउटवाले काका
मग जाताना बॅटरीची कैची काढून जा.