रोजच्या ऐकण्यात अनेक काळ आणि अनेक प्रकार : कानाला एकातून दुसऱ्यात कसे न्यावे?

प्रश्न – सायंश्रोता

नमस्कार मंडळी,

माझे रोजचे ऐकणे बरेच विखुरलेले आहे आणि ते तसेच राहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. सकाळी तोडी किंवा ललत, कार्यालयात जाताना पन्नास-साठच्या दशकांतील हिंदी चित्रपटगीते, परतताना कधी लावणी तर कधी रॉक, संध्याकाळी बालगंधर्वांची किंवा मास्टर दीनानाथांची नाट्यपदे आणि रात्री जॅझ किंवा बाखच्या रचनांचे चेलोवादन, असा साधारण क्रम असतो. यांतला एकही प्रकार मी केवळ बदल म्हणून ऐकत नाही. प्रत्येकावर माझे प्रेम आहे.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली अशी की तासभर तीन-तीन मिनिटांची गाणी ऐकल्यावर विलंबित (अतिशय संथ लयीच्या) एकतालातला ख्याल लावला, की पहिली दहा मिनिटे मन त्यात उतरतच नाही, आणि ते उतरेपर्यंत बरेचदा वेळ संपलेली असते. दुसरी अशी की आजचे स्वच्छ ध्वनिमुद्रण ऐकून लगेच १९१० किंवा १९२०च्या दशकातली तबकडी लावली, तर आवाज फार दूरून आल्यासारखा वाटतो आणि गायकाच्या थोरवीवर विश्वास असूनही ती थोरवी प्रत्यक्ष कानाला जाणवत नाही. आपल्यापैकी जे असेच चौफेर ऐकतात, त्यांनी दिवसाची मांडणी कशी केली आहे? प्रकार कमी करण्याचा सल्ला शक्यतो देऊ नये, ही विनंती.

प्रतिसाद १ – मिरजेचा वाटसरू

आपल्या दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण तिचे मूळ बऱ्याच अंशी यंत्रात आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत मायक्रोफोन नव्हताच. गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ कोरत असे. हलका आवाज, श्वास, तंबोऱ्याची आस यांतले फारसे काही त्या कर्ण्यातून पार होत नसे. त्यामुळे त्या काळच्या तबकड्यांत आवाजाचा पोत शोधू नये. स्वराची जागा, लयीशी चाललेला खेळ आणि तानेची आखणी शोधावी, कारण या गोष्टी कर्ण्यातूनही शाबूत राहिल्या आहेत. मायक्रोफोन आल्यावर काय बदलले, हे मराठी श्रोत्याला भावगीतातून सर्वांत चांगले कळते. जी. एन. जोशी यांची १९३०च्या दशकातील भावगीते कर्ण्यासमोर गाताच आली नसती, कारण तो हळुवार उच्चार मायक्रोफोनवाचून तबकडीत उतरला नसता.

तीन मिनिटांच्या मर्यादेबद्दलही थोडे लिहितो. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक बाजू साधारण तीन ते साडेतीन मिनिटांत संपे, म्हणून गवयांनी मैफलीतल्या गाण्याचा तुकडा कापून दिला नाही, तर त्या वेळेपुरते वेगळेच गाणे रचले. विलंबित बहुधा गाळलेले असते, मध्य किंवा द्रुत लयीत स्थायी-अंतरा भराभर मांडला जातो, मुखड्याभोवती दोन-तीन आलापांत रागाचे तोंड दाखवले जाते आणि उरलेल्या अवधीत बोल-ताना (शब्द घेऊन केलेल्या ताना) व साध्या ताना येतात. केसरबाई केरकरांची ‘जात कहां हो’ ही भैरवी, जी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या तबकडीसाठी निवडली गेली, साधारण साडेतीन मिनिटांची आहे आणि तिच्यात काही राहून गेले असे मला कधीच वाटले नाही. चित्रपटगीतांच्या तासानंतर एकदम विलंबित ख्यालाकडे जाण्याऐवजी मध्ये अशा दोन तबकड्या ऐकून पाहा. लांबी गाण्याची असते पण विचार ख्यालाचा असतो, त्यामुळे मन हळूहळू वळते.

प्रतिसाद २ – गांधारवादी

मी गेली अनेक वर्षे प्रकार किंवा काळ यांनुसार ऐकत नाही. एक राग धरतो आणि तो जिथे जिथे भेटेल तिथे त्याच्या मागे जातो. आपल्या पहिल्या अडचणीवर मला यापेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही, कारण राग एकच राहिला की तीन मिनिटांकडून तासाभराकडे जाताना कानाला नव्याने ओळख करून घ्यावी लागत नाही.

उदाहरणादाखल भूप घ्या. मध्यम (म) आणि निषाद (नि) वर्ज्य, उरलेले पाच स्वर शुद्ध, इतकी त्याची सामग्री आहे. १९१६ सालच्या ‘संगीत स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले यांनी बालगंधर्वांसाठी दिलेले ‘सुजन कसा मन चोरी’ हे पद प्रथम ऐका; त्यात ख्यालातली बंदिश मराठी शब्दांत जशीच्या तशी चालू लागलेली दिसते. त्यानंतर १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणातले पहिलेच गीत ऐका, जिथे गदिमांच्या शब्दांना सुधीर फडके यांनी भूपाचाच साधेपणा दिला आहे आणि कुश-लव श्रीरामांसमोर गात आहेत हे चित्र त्या पाच स्वरांनीच उभे केले आहे. त्याच फडक्यांनी १९६१च्या ‘भाभी की चूड़ियाँ’ या हिंदी चित्रपटासाठी लता मंगेशकरांकडून गाऊन घेतलेले ‘ज्योति कलश छलके’ लगेच पुढे लावा. संगीतकार एक आणि राग एक असूनही वाद्यमेळ आणि गळा बदलल्यावर चालीचा तोल कसा बदलतो, हे या दोन गीतांत अगदी समोरासमोर ऐकू येते. इतके झाल्यावर किशोरीताई आमोणकरांचे ‘सहेला रे’ लावले, तर गांधारावर (‘ग’ या स्वरावर) त्या जो वेळ घालवतात तो लांबलेला वाटणार नाही, कारण त्या गांधाराची वाट आपण आधीच तीनदा चाललेले असाल.

येथे थोडे थांबून देशकारही ऐकावा असे मी आग्रहाने सांगेन. स्वर तेच पाच, परंतु भूपात वजन गांधारावर आणि पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या भागात) असते, तर देशकारात धैवतावर (‘ध’वर) आणि उत्तरांगात (वरच्या भागात). शिवाय भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देशकार सकाळचा. हे पुस्तकात वाचून कळत नाही, दोन्ही लागोपाठ ऐकूनच कळते. एकदा ते कळले की स्कॉटलंडमधल्या अनेक जुन्या लोकधुना आणि चीनमधले बरेचसे पारंपरिक संगीत याच पाच स्वरांत असूनही भूपासारखे का वाटत नाही, याचेही उत्तर मिळू लागते: स्वर सारखे असले तरी कोणत्या स्वरावर थांबायचे आणि कोणत्या वाटेने तिथे पोहोचायचे याची शिस्त वेगळी आहे. चौफेर ऐकणाऱ्याला जे मिळते ते केवळ एका प्रकारात राहणाऱ्याला सहसा मिळत नाही, असे मी म्हणतो ते यासाठी.

प्रतिसाद ३ – पणजीहून

गांधारवादी यांचा मार्ग उत्तम आहे, मात्र जॅझ, रॉक आणि लावणी त्यात सहज बसत नाहीत. राग जिथे पोहोचत नाही तिथे मी माणसांचा माग घेतो.

आपण रात्री जॅझ ऐकता आणि सकाळी पन्नासच्या दशकातील हिंदी गाणी, असे लिहिले आहे. या दोहोंच्या मधला दुवा मुंबईतच आहे. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी आणि टेडी वेदरफोर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे बँड वाजत होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत नोटेशन आणि व्हायोलिन शिकून मुंबईला आलेली आमच्याकडची मुले त्या वाद्यवृंदांजवळ घडली आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली, कारण स्वरलेखन वाचू आणि लिहू शकणारे वादक प्रामुख्याने तेच होते. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ हे हळदोण्याचे ट्रम्पेटवादक सी. रामचंद्र यांच्या १९५१च्या ‘अलबेला’मध्ये ऐकू येतात. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमधल्या व्हायोलिनच्या भरदार फळीमागे वाद्यमेळ लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा यांची लेखणी आहे, तर माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस यांनी १९५०च्या दशकातच हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याची धडपड केली.

म्हणून माझी सूचना अशी आहे की लुई आर्मस्ट्राँग यांच्या १९२८च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’चा प्रारंभ ऐकावा, जिथे ट्रम्पेट एकटेच बोलते, आणि लगेच ‘अलबेला’तली गाणी ऐकावीत. चित्रपटगीतातल्या वाद्यमेळाकडे दोन कडव्यांमधली भरती म्हणून पाहण्याची सवय त्यानंतर राहत नाही. या वादकांची नावे तबकड्यांवर फारशी छापली गेली नाहीत याची मला मनापासून खंत आहे; आपण ऐकणाऱ्यांनी तरी ती नावे घेत राहिली पाहिजेत.

सायंश्रोता

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. भूपाचा क्रम उद्या संध्याकाळीच लावतो. मिरजेच्या वाटसरूंना एक विचारायचे आहे: एकाच जुन्या तबकडीच्या दोन प्रती आंतरजालावर ऐकल्या, तर एकीत षड्ज (गायकाचा ‘सा’) वर आणि दुसरीत खाली आढळतो. कोणती खरी मानावी? आणि प्रवासात ऐकताना जुन्या गाण्यांचा आवाज सारखा वाढवावा लागतो, त्यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद ४ – मिरजेचा वाटसरू

‘७८ फेऱ्या’ हे प्रमाण नंतर स्थिरावले. आरंभीच्या काळात कंपनीनुसार आणि कधी कधी सत्रानुसारही वेग वेगळा असे. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की स्वर अर्ध्या सुराने सरकतो. त्या काळी गवई आपापल्या गळ्याप्रमाणे पट्टी ठरवत असल्यामुळे पेटीशी षड्ज जुळला म्हणून प्रत खरी ठरत नाही. मी दोन खुणा पाहतो: शब्दोच्चार माणसाच्या नैसर्गिक बोलण्यासारखे येतात का, आणि तबल्याचा बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) घुमतो की टणक होतो. काही आरंभीच्या तबकड्यांत शेवटी गायक स्वतःचे नाव पुकारतात. ते नाव घाईने किंवा ओढून उच्चारल्यासारखे वाटले, तर वेग चुकला आहे असे समजावे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटी रागातील ‘पिया बिन नाही आवत चैन’च्या बाबतीत मी हे विशेष काळजीने करतो, कारण बालपणी तीच तबकडी ऐकून भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घराबाहेर पडले होते, ती चुकीच्या वेगात ऐकणे मला सहन होत नाही.

खरखर पूर्णपणे काढून टाकलेल्या प्रतीही मी टाळतो. ती काढताना ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने आणि तंबोऱ्याचे वरचे अनुनाद बहुधा तिच्याबरोबर जातात. थोडी खरखर असलेली प्रत पाच मिनिटे ऐकली की कान ती आपोआप बाजूला सारतो. गेलेले व्यंजन मात्र परत येत नाही.

प्रवासाचे म्हणाल, तर आवाज वाढवणे हा उपाय करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही ऐकण्याची मर्यादा आहे आणि पातळी वाढली की ही मुदत झपाट्याने घटते. कानात घट्ट बसणारे, बाहेरचा गोंगाट अडवणारे इअरफोन घ्या, ॲपमधली सर्व गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय सुरू ठेवा आणि मुख्य म्हणजे प्रवासासाठी निवडच वेगळी करा. ज्या संगीतात हळू आणि मोठा यांतले अंतर फार असते, म्हणजे सिम्फनी, चेलोचे एकलवादन किंवा ख्यालातला आरंभीचा आलाप, ते रहदारीत ऐकू नये. लावणी, रॉक, चित्रपटगीते आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांची खड्या आवाजातली गाणी बसमध्येही पूर्ण पोहोचतात. सकाळचा तोडी मात्र घर सोडण्यापूर्वीच ऐकावा आणि त्यासाठी अर्धा तास लवकर उठावे लागले तरी उठावे.