कागद नाही म्हणून क्लेम नाही? मग कागद असतात कुणाकडे?

सांगलीची वैशाली: काल इथे एकाने लिहिलं, "क्लेम नाकारला म्हणून रडू नका, आधी फाइल नीट ठेवायला शिका." फार लागलं ते. सासऱ्यांच्या अँजिओप्लास्टीचा आरोग्य विम्याचा क्लेम 'इनडोअर केस पेपर सादर केले नाहीत' म्हणून फेटाळला. पेशंटच्या हाती डिस्चार्ज समरी, बिलं आणि रिपोर्ट येतात, केस पेपर, म्हणजे भरती असतानाच्या रोजच्या नोंदी, राहतात हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये. विमा नियामक आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे की कागदपत्रं कंपनीने किंवा टीपीएने (कंपनीसाठी क्लेम हाताळणारी संस्था) हॉस्पिटलकडून घ्यायची, पॉलिसीधारकाकडे मागायची नाहीत. तरी खेटे आम्हीच घालतोय.

क्लेम डेस्क (विमा कंपनी): ताई, नियम पाठ आहे. पण नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे कंपनीशी करार नसलेल्या, हॉस्पिटलला आमच्या पत्राची काय पडलेली असते? स्मरणपत्रालाही उत्तर येत नाही. फुगवलेली बिलं आणि भरती न होताच भरती दाखवलेले पेशंट आम्ही रोज बघतो. केस पेपर न बघता पैसे सोडले तर प्रीमियम तुमचाच वाढणार.

सांगलीची वैशाली: फसवणूक पकडा ना, कोण नको म्हणतंय! पण सगळे कागद एकदम तरी मागा. स्टेंटचं स्टिकर दिलं की इन्व्हॉइस मागता, इन्व्हॉइस दिलं की पहिल्या तपासणीची चिठ्ठी.

बार्शीकर: त्या चिठ्ठीपायीच आम्ही बुडालो! आईला बेशुद्ध आणलं. रिक्षातून सोबत आलेल्या शेजाऱ्याने अंदाजे काहीतरी सांगितलं आणि रेसिडेंट डॉक्टरने केस पेपरवर 'बीपी ५ वर्षे' लिहून टाकलं. कंपनी म्हणते आजार लपवला, नाहीतर बीपीची पहिली चिठ्ठी दाखवा. गावच्या डॉक्टरकडची चिठ्ठी कोण जपून ठेवतं?

रेसिडेंट, मिरज: सोबतचा माणूस सांगतो तेच आम्ही लिहितो. समोर पेशंट तडफडत असताना उलटतपासणी घ्यायची का? आणि नंतर येऊन "डॉक्टर, तेवढं ५ वर्षं खोडा" म्हणत अंगावर येणारेही तुमच्यातलेच.

बार्शीकर: खोडा कोण म्हणतंय? माहिती कुणी दिली तेवढं त्याच ओळीत लिहा! तुमच्या एका ओळीपायी आमचं सोनं सोनाराकडे गेलंय.

रेसिडेंट, मिरज: आवाज खाली ठेवा. माहिती देणाऱ्याचं नाव लिहायला हवं, हे मान्य. रात्रपाळीला वॉर्डात एकटं उभं राहून बघा, मग बोला.

नाशिकचे काका: भांडू नका. बार्शीकर, पॉलिसी सलग ६० महिने चालू आहे का? असेल तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'माहिती लपवली' म्हणून नाकारता येत नाही. दुसऱ्या कंपनीतून पोर्ट करून आणलेली वर्षंही त्यात धरतात. वैशालीताई, केस पेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत द्याव्या लागतात.

रेसिडेंट, मिरज: आमच्या रेकॉर्ड रूममध्ये ७२ तास कुणी पाळत नाही, हेही खरं.

क्लेम डेस्क: बरं, माझ्याकडूनही एक. कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही. ती मंजुरी होती का, हे कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी विचारा. नसेल, तर चूक आमच्या बाजूची.

सांगलीची वैशाली: हे नकाराच्या पत्रातच का लिहीत नाही? विचारते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार, तिथे फीही नाही आणि वकीलही लागत नाही.

बार्शीकर: आमची पॉलिसी चौथ्या वर्षात आहे, काका. ६० महिने नाही भरत. त्या शेजाऱ्याचा लेखी जबाब चालेल का?