उंट धडधाकट दिसतो, घोळ तिथेच आहे
सौदीत उंट आजारी दिसतच नाहीत, मग मर्ससाठी (उंटांकडून माणसाला होणारा, कोरोना गटातल्या विषाणूचा श्वसनरोग) त्यांची तपासणी कशाला, असं विचारलं जातं. मर्सची अडचण नेमकी तीच! २०१२ मध्ये हा विषाणू माणसात सापडला. उंटाचं मात्र फार तर नाक गळतं, चरणं-रवंथ चालूच. विषाणू जास्त पसरवतात ती दोनेक वर्षांखालची पिल्लं. प्रौढ उंटांच्या रक्तात बहुतेकदा प्रतिपिंडं, म्हणजे आधी लागण होऊन गेल्याची खूण, असतातच (तिथल्या १९९२ च्या साठवलेल्या नमुन्यांतही मिळाली), त्यामुळे रक्ततपासणीवरून जनावरं मारायची म्हटलं तर कळपच रिकामे होतील. माझ्या मते बाजारात, शर्यतीच्या तळांवर पिल्लांच्या नाकातले स्वॅब घेणं जास्त कामाचं. आणि कच्च्या दुधाचं कौतुक आवरा. मर्स सोडा, त्यातून ब्रुसेलोसिस हा जिवाणूंमुळे येणारा तापाचा आजारही होतो. उकळून प्या की!